दोन ओळी आणि मधला रस्ता

मी दिवसभर नेमकं काय काम करतो, हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. अण्णांनी बेलापूरला राहून आयुष्यभर साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस यंत्रात ढकलतात तिथं, काम केलं. काम म्हणजे अंगाला घाम आणि कपड्यांना मळीचा वास, एवढं त्यांना ठाऊक. मी सुटीला घरी गेलो की भाकरी मोडता मोडता विचारायचे,

"आता तिथं दिसभर करतो काय तू?"

"शब्द शोधून देतो, अण्णा."

"का? हरवल्यात व्हय?"

आई तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचो. पण परतताना एस.टी.च्या खिडकीशी बसलो की तो प्रश्न डोक्यात घोळत राहायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी नगरच्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयात लागलो. (जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडात नगरच बसलेलं आहे.) खेड्यापाड्यांतल्या चर्चसाठी पाळक तयार करायचं हे शिक्षणाचं ठिकाण. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. परदेशातल्या कुणा स्नेह्यांनी कॉलेजला एक संगणक भेट दिला होता. त्यासोबत एक चकती होती. त्या चकतीत त्यांचं सगळं पवित्र शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत, शिवाय इंग्रजीतली अनेक भाषांतरं, शब्दकोश, नकाशे असं सगळं भरलेलं. पण तो संगणक चालवायचा कुणी? मी श्रीरामपूरला बी.एस्सी. झालो होतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वर्षभराचा संगणकाचा कोर्सही केला होता. प्राचार्यांनी मला बोलावलं, यंत्र सुरू करून दाखवायला सांगितलं, ते सुरू झालं आणि मला नोकरी मिळाली. त्यांचे उपकार मी आजही मानतो. आमच्यासारख्याला विनाओळख, विनाशिफारस कोण घेत होतं?

संगणकाची खोली ग्रंथालयाच्या मागच्या टोकाला होती. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद. आत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. जुने पाळक चप्पल काढताना हसून म्हणायचे, "ही पण पवित्र भूमी का, साळवे?" पण येणारे मोजकेच. विद्यार्थ्यांना यंत्राची भीती वाटायची, प्राध्यापकांना वेळ नसायचा. बाहेर व्हरांड्यात पोरं पेटीवर गाणी बसवायची, व्हॉलीबॉल खेळायची, आणि माझ्यापर्यंत यायचा तो फक्त पंख्याचा आवाज. डबाही मी तिथंच खायचो. कुणी मला दूर ठेवत होतं असं नाही. पण ज्या गोष्टींवर ती माणसं एकत्र हसत, त्या मला ठाऊक नव्हत्या.

आमच्या भागात एकाच आडनावाची घरं बौद्धही आहेत आणि ख्रिस्तीही. एकेकाळी एकाच वस्तीतली, एकमेकांच्या नात्यातली माणसं. कुणाच्या पणजोबांनी एक वाट धरली, कुणाच्या वडिलांनी छप्पन साली दुसरी. त्यामुळे साळवे म्हटल्यावर कॉलेजातल्या सगळ्यांनी मला आपलाच धरलं. पहिल्याच आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेला प्राचार्य सहज म्हणाले, "आज आपले नवे बंधू साळवे प्रार्थना चालवतील."

मी उभा राहिलो. सगळ्यांनी डोळे मिटले. मला काय बोलावं सुचेना. मीही डोळे मिटले आणि गप्प उभा राहिलो. बराच वेळ झाल्यावर मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं आणि मी खाली बसलो. बाहेर आल्यावर एक विद्यार्थी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, असं मौन मी आजवर अनुभवलं नव्हतं."

त्याच्यामागून एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आले. जाड भिंगांचा चष्मा, खादीचा शर्ट. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तू बौद्ध ना रे?"

"हो सर."

"मग सांगायचं की."

"कुणी विचारलंच नाही, सर."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनीच ते प्राचार्यांच्या कानावर घातलं. प्राचार्य म्हणाले, "यंत्र चालवता येतं ना? मग झालं." त्यानंतर मला कुणी प्रार्थनेला उभं केलं नाही. पण ते म्हातारे गृहस्थ कुठंही भेटले की मोठ्यानं म्हणायचे, "जय भीम, साळवे!" आणि मी त्यांच्या लोकांत म्हणतात तसं म्हणायचो, "सलाम, सर."

ते शिरसाठ सर. जुन्या कराराचे, म्हणजे त्यांच्या शास्त्राच्या पहिल्या, हिब्रू भागाचे निवृत्त प्राध्यापक. बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी सुनंदाताई मुंबईला. सर एकटेच कॉलेजच्या आवारातल्या छोट्या घरात राहायचे.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. भाषांतरात एकाच मूळ शब्दाचं कुठं 'दया' होतं, कुठं 'प्रीती', कुठं 'कृपा'. मूळ शब्द एकच होता हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून फार पूर्वी अभ्यासकांनी प्रत्येक मूळ शब्दाला एक क्रमांक दिला. संगणकात तो क्रमांक टाकला की तो शब्द शास्त्रात जिथं जिथं आला असेल त्या सगळ्या ओळी पडद्यावर एकाखाली एक उभ्या राहतात. हाताने जाड सूचीतून हे करायला दिवस जायचे, ते चहा निवायच्या आत व्हायचं. मला हिब्रू येत नव्हती. पण क्रमांक ओळखीचे झाले. कुणी 'करार' म्हटलं की माझी बोटं आपोआप आकड्यांवर जायची. माणूस चेहऱ्याने ओळखावा पण त्याचं नाव ठाऊक नसावं, तशी माझी आणि त्या शब्दांची ओळख.

यंत्र मागितलं तेवढं सगळं देतं. त्यातून निवडणं हे त्याचं काम नाही. हे मी शिकलो ते पाथर्डीकडच्या एका पाळकांकडून. वाघमारे त्यांचं नाव. त्यांच्या गावची मंडळी दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडायची. ते एकदा आले, चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"पान्यावर उपदेश करायचाय. आमच्याकडं टँकर बी आठवड्यानं येतो. शास्त्रात पान्याचं काय काय हाय, तेवढं काढून द्या."

मी नवा होतो, उत्साही होतो. 'पाणी' असं शोधलं आणि छपाईची आज्ञा दिली. तो जुना करकरणारा प्रिंटर दुपारभर चालला. पाळकसाहेब जोडकागदाची ती चवड काखेत मारून एस.टी.ला गेले. पंधरवड्यानं परत आले ते हात जोडूनच.

"साळवे, लई पानी दिलंत. बुडालो की मी! घोटभर पायजे हुतं."

"मग उपदेश काय केलात?"

"कशाचा उपदेश? चर्चमधी कोन, तर मी, आमची बाई आन् एक म्हातारी. तिला ऐकू येत न्हाई. मी आपलं म्हनलं, बाई, चला, हापशावर बघू पानी आलंय का."

दारात कुणीतरी जोरात हसलं. शिरसाठ सर होते. ग्रंथालयातून जाता जाता थांबले होते. तोवर ते माझ्या खोलीत कधीच आले नव्हते. यंत्राला ते 'साळवेचा डबा' म्हणायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी चप्पल काढली.

आत आल्यावर त्यांनी आधी परीक्षा घेतली. जुन्या करारातलं एक छोटं पुस्तक सांगून म्हणाले, "यात देवाचं नाव किती ठिकाणी आलंय, बघ जरा."

मी शोधलं. पडद्यावर उत्तर आलं, एकही नाही. मला घामच फुटला. शास्त्राच्या पुस्तकात देव नाही असं कसं होईल? चकतीवर ओरखडा पडला असणार. चकती काढली, शर्टाने पुसली, परत घातली. पुन्हा एकही नाही. माझा चेहरा बघून सर खूश झाले.

"बरोबर आहे. त्या पुस्तकात नाहीच. तुझा डबा खोटं बोलत नाही, एवढं कळलं."

मग खरं काम निघालं. सरांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती दिवस राहील सांगता येत नाही. हिब्रू अक्षरांच्या खाली-वर स्वर दाखवणारे बारीक ठिपके असतात. पुस्तकातले ते ठिपके त्यांना दिसेनासे झाले होते, भिंग धरूनही. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की पडद्यावर अक्षर मोठं करता येतं.

मी अक्षर मोठं केलं. सर खुर्ची ओढून नाक काचेला लागेल इतके जवळ गेले. बोट पडद्यावर ठेवून एकेक ठिपक्यावरून उजवीकडून डावीकडे नेत राहिले. काचेवर बोट लावायचं नाही असा माझा कडक नियम होता. मी गप्प बसलो.

त्यानंतर ते रोज दुपारी यायचे. माझ्या खोलीत दुसरी खुर्ची कायमची आली ती तेव्हा.

सर शास्त्रातल्या विलापगीतांवर मराठीत पुस्तक लिहीत होते. दुःखात सापडलेला माणूस देवाकडे रडून गाऱ्हाणं मांडतो, ती गाणी. सर म्हणायचे, या गाण्यांची एक रीत आहे. सुरुवात आक्रोशानं होते, पण कुठंतरी एक वळण येतं आणि शेवट आभारावर होतो. फक्त एका गाण्यात ते वळण नाही. तो माणूस शेवटपर्यंत ओरडत राहतो. शेवटच्या ओळीत म्हणतो की जिवलग, सोबती सगळे लांब गेले. मग 'अंधार' हा एक शब्द येतो आणि गाणं तिथंच संपतं. पुढं काही नाही.

सगळं पुस्तक तयार होतं, या एका गाण्यावरचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते नजर असेपर्यंत स्वतः मूळ वाचून लिहायचं, हा त्यांचा हट्ट होता. आणि पुस्तक छापणारी कॉलेजची समिती म्हणत होती, की अभ्यास उत्तम आहे, पण पाळकांच्या हाती जाणारं पुस्तक असं अंधारात संपायला नको. शेवटी आशेचं काहीतरी हवं.

"आशा काय मीठ आहे का?" सर चिडून म्हणायचे. "कमी पडली की वरून घातली?"

एकदा धीर करून मी म्हणालो, "सर, पण तो माणूस अजून कुणाशी तरी बोलतोय ना? हीच आशा नाही का?"

"हे मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो." ते पडद्याकडेच बघत होते. "आमची ही गेली, तेव्हा मी पण रोज बोलत होतो. घरात मोठमोठ्यानं. तेव्हा कळलं, बोलणं म्हणजे आशा नव्हे. सवय असते ती."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पावसाळ्यानंतर नजर भराभर उतरत गेली. आधी पडद्यावर एक ओळ मावायची, मग एक शब्द, मग एकच अक्षर. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत आधीचं विसरायला व्हायचं. मग मी तोंडी वर्णन करायला लागलो.

"सर, हे अक्षर उसाच्या कोयत्यासारखं आहे, उंच."

"पुढचं?"

"दाताळं आहे. तीन दातांचं. डोक्यावर उजवीकडे ठिपका."

"अरे, शेत नांगरतोयस का वाचतोयस?" सर हसले. आणि म्हणाले, "हे असं जमायचं नाही. शीकच तू."

असा मी, बेलापूरच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा, हिब्रू बाराखडी शिकलो. व्याकरण नाही, फक्त वाचायला. मी मोठ्यानं वाचायचो, सर डोळे मिटून ऐकायचे, उच्चार चुकला की टेबलावर बोट वाजवायचे. प्रत्येक शब्दाखाली क्रमांक होताच, त्यामुळे अर्थ मला आपोआप कळत गेला. वीज गेली की यू.पी.एस. किंचाळायचा, मी घाईनं यंत्र बंद करायचो आणि त्या बंद खिडक्यांच्या खोलीत मिट्ट काळोख व्हायचा. सर म्हणायचे, "आता झालो बघ बरोबरीचे."

ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले दिवस होते. इकडे आमच्या वस्तीतले मित्र मला चिडवायचे, "काय रं, पाळक कधी व्हतोय?" तिकडे कॉलेजात मी परका. त्या दोन खुर्च्यांपुरता मात्र मी कुणीच नव्हतो आणि त्यामुळे बरा होतो.

एका दुपारी सर म्हणाले, "तो शेवटचा शब्द घे. अंधार. हिब्रूत अंधाराला बरेच शब्द आहेत, हा त्यातला क्वचित येणारा. आणखी कुठं आलाय बघ."

मी क्रमांक टाकला. मोजक्याच ओळी आल्या. मी एकेक वाचत गेलो. एक कबरीतला अंधार, एक कटकारस्थान करणाऱ्यांचा. आणि एक ओळ एका संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकातली होती. मी हिब्रू वाचली, मग खालचं भाषांतर वाचायला लागलो. तिथं देव म्हणत होता, की आंधळ्यांना मी त्यांना ठाऊक नसलेल्या रस्त्याने नेईन, आणि त्यांच्यापुढच्या अंधाराचा उजेड करीन. अंधाराला शब्द तोच होता.

मी क्रमांक पुन्हा एकदा ताडून पाहिला.

"सर, तोच क्रमांक आहे. मी दोनदा बघितला."

"माहीत होतं रे," ते हळू म्हणाले. "वाचलं होतं कधीतरी. पण तेव्हा डोळे होते."

मला आनंद आवरत नव्हता. समितीला हवी होती ती आशा मिळाली होती, आणि तीही वरून घातलेली नव्हे, त्याच शब्दातून निघालेली. माझ्या यंत्रानं ती काढून दिली होती. मी म्हणालो, "सर, आता प्रकरण पूर्ण! हीच ओळ शेवटी घ्या."

"उद्या बघू," म्हणून ते उठले. मी हात धरून त्यांना घरापर्यंत सोडलं. दारात फक्त म्हणाले, "ती ओळ पुन्हा एकदा म्हण." मी म्हटली. त्यांनी ओठांतल्या ओठांत माझ्यामागून म्हटली.

मग ते चार दिवस आलेच नाहीत. दुपारी मी त्यांच्या खुर्चीकडे बघत डबा खायचो. पाचव्या दिवशी आले ते एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून. त्याला परत पाठवलं आणि मला म्हणाले, "लिहून घे."

मी मराठी टंकाचा प्रोग्रॅम उघडला. सर सांगत गेले, मी टाइप करत गेलो. अडीच पानं झाली. शेवटचं वाक्य संपलं तरी दुसऱ्या ओळीचा उल्लेख नव्हता.

"सर, ती ओळ?"

"नाही घ्यायची."

"पण का? समितीला तर..."

"समितीचं सोड. मला हवीये ती. तुला काय वाटतं, मला नको असेल?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "साळवे, तुझा हा डबा दोन गावं शेजारी शेजारी आणून ठेवतो. मधला रस्ता दाखवत नाही. ते गाणं लिहिणाऱ्याच्या हाताशी ती दुसरी ओळ नव्हती. तो होता त्या अंधारातच बसून राहिला. मला गरज आहे म्हणून मी त्याला उचलून दुसऱ्याच्या गावात नेऊन ठेवू?"

मला राग आला होता. समोर बसलेल्या माणसाला जे हवं होतं ते पडद्यावर दिसत होतं, आणि तो ते घेत नव्हता. मी गुपचूप फाइल साठवली.

समितीनं प्रकरण परत पाठवलं. सरांनी एक अक्षर बदललं नाही. पुस्तक तसंच पडून राहिलं. आता एकट्यानं राहणं शक्य नव्हतं, म्हणून नाताळानंतर सुनंदाताई त्यांना मुंबईला न्यायला आल्या. निघायच्या आदल्या दिवशी सर शेवटचे माझ्या खोलीत आले. सुनंदाताई सोबत होत्या.

"माझ्या मातीला तू यायचं," सर म्हणाले. "मला इथंच आणतील, हिच्या आईशेजारी. आणि ते गाणं तू वाचायचं."

"पप्पा, काहीतरीच काय," सुनंदाताई म्हणाल्या. "ते गाणं कुणी मातीला वाचतं का? लोक काय म्हणतील? त्यात काहीच दिलासा नाही."

"म्हणून तर हिब्रूत वाचायचं. ज्यांना कळेल त्यांना चालेल. बाकीच्यांना कळायची गरज नाही."

"सर, मी कसा वाचू? मी तर तुमच्यातला नाही. पाळकसाहेब असतील, ते..."

"पाळकाला जमायचं नाही. त्यांचं मन मोठं असतं, ते शेवटी काहीतरी जोडतील. तू आहे तेवढंच दाखवतोस. तेच तुझं काम आहे."

मी विचारलं, "ती दुसरी ओळ वाचू का नंतर?"

"नाही," सर म्हणाले. मग थोडं थांबून, "मला पाठ आहे."

सर मुंबईला गेल्यावर दुसरी खुर्ची मी बाहेर ठेवली नाही. कुणी विचारलं तर प्रिंटरचा कागद ठेवायला लागते, असं सांगायचो.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईहून फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सरांना नगरला आणलं. कबरस्तानात बरीच माणसं होती. नातेवाईक, जुने विद्यार्थी, गावोगावचे पाळक. पाथर्डीचे वाघमारेही आले होते. उपासना झाली, गाणं झालं, आणि सुनंदाताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी पुढं झालो. छापलेला कागद हातात होता, पण त्याची गरज पडली नाही. मी वाचत गेलो. टेबलावर बोट वाजत नव्हतं, त्यामुळे उच्चार बरोबर येताहेत की नाही कळत नव्हतं. भाषा जाणणारे दोन-तीन प्राध्यापक होते, त्यांनी माना खाली घातल्या. बाकीचे आदरानं ऐकत होते, एखादा जुना आशीर्वाद चालला असावा असं समजून. जिवलग लांब गेले, सोबती लांब गेले. मी शेवटच्या शब्दाशी आलो, तो उच्चारला.

पुढची ओळ माझ्या जिभेवर होती. आंधळ्यांची. मी ती म्हटली असती तर कुणालाही वावगं वाटलं नसतं. सुनंदाताईंना बरं वाटलं असतं. मला तर फारच बरं वाटलं असतं. समोर मातीचा ढीग, त्याच्याकडे बघत मी तोंड मिटून उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. मग मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं आणि मी बाजूला झालो. जाताना वाघमारे पाळकांनी माझा खांदा दाबला. "काय बोलला कळलं न्हाई, साळवे. पन घोटभरच दिलंत. बरं केलं."

सरांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. नव्या प्राचार्यांनी सांगितलं, म्हाताऱ्यांचं आहे तसं छापा. माझ्याकडे एक प्रत आहे. ज्या फ्लॉपीवर मी ते प्रकरण टाइप केलं ती मात्र आता कुठल्याच यंत्रात जात नाही, आणि गेली तरी त्या जुन्या टंकातली मराठी आजच्या संगणकावर नुसत्या चिन्हांची रांगोळी दिसते. मी तेव्हा टाइप केलेलं बहुतेक सगळं असंच वाया गेलं, याची हळहळ वाटते. आता शास्त्रातला कुठलाही शब्द कुणीही फोनवर शोधतो, चपला न काढता. चांगलंच आहे ते. माझी नोकरी पुढं बरीच वर्षं चालली, यंत्रं बदलली, मी हप्ते भरून सावेडीला घर बांधलं, मुलं शिकली. त्या कॉलेजच्या ऋणात मी आहेच.

पण अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलो की मला कबरस्तानातून परतल्यानंतरची ती दुपार आठवते. सगळे जेवायला गेले होते. मी चप्पल काढून खोलीत गेलो, यंत्र सुरू केलं आणि अंधाराचा क्रमांक टाकला. दोन्ही ओळी नेहमीसारख्या त्याच पडद्यावर आल्या, इतर मोजक्या ओळींमध्ये, एक वर, एक खाली. मी सरांची खुर्ची ओढली आणि अक्षर मोठं करत गेलो, त्यांच्यासाठी करायचो तसं. आधी बाकीच्या ओळी बाहेर गेल्या, मग आजूबाजूचे शब्द. नाक काचेला लागेल इतका मी जवळ बसलो होतो. पडद्यावर तो एकच शब्द उरला. पण तो गाण्यातला की त्या दुसऱ्या ओळीतला, हे एवढ्या जवळून ओळखता येत नव्हतं.